चार टोकोफेरॉल, दोन एन्झाइम: बियांमधलं मिथाइलट्रान्सफरेज कसं तपासायचं

करडई, जवस आणि सोयाबीन या तिन्ही बियांत व्हिटॅमिन ई असतं, पण ते एकाच रूपात नसतं. करडईत जवळजवळ सगळं अल्फा-टोकोफेरॉल, जवसात बहुतांश गॅमा, आणि सोयाबीनमध्ये गॅमा भरपूर व त्याच्या जोडीला बराच डेल्टा. मी तेलबियांच्या प्रयोगशाळेत जीवरसायनाचं काम बघते. एमएस्सीचे विद्यार्थी माझ्याकडे अल्फा, बीटा, गॅमा आणि डेल्टा या चार टोकोफेरॉलचे आकडे काढायला येतात, त्यांची बेरीज करून ‘एकूण टोकोफेरॉल’ असा एक रकाना भरतात आणि पुढच्या नमुन्याकडे वळतात. मला त्याची हळहळ वाटते. बी भरत असताना कोणतं एन्झाइम किती चाललं, याची नोंद त्या चार आकड्यांतच असते आणि बेरीज केली की ती पुसली जाते. ती नोंद कशी मिळवायची आणि कशी वाचायची, हे इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी रेणू समजून घ्या

टोकोफेरॉलच्या रेणूत एक वलयांचं डोकं आणि एक लांब फायटिल शेपूट असते. डोक्यावर मिथाइल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजन) बसण्याच्या तीन जागा आहेत: पाच, सात आणि आठ. अल्फामध्ये तिन्ही भरलेल्या असतात. बीटामध्ये पाच आणि आठ, गॅमामध्ये सात आणि आठ, तर डेल्टामध्ये फक्त आठ. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच चालतं.

आठव्या जागेवरचा मिथाइल चौघांतही असतो आणि तो कुठलंही मिथाइलट्रान्सफरेज, म्हणजे मिथाइल गट जोडणारं एन्झाइम, लावत नाही. टायरोसिनपासून होमोजेंटिसिक आम्ल तयार होतं. त्याला फायटिल शेपूट जोडताना कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे राहिलेला कार्बन मिथाइल म्हणून उरतो. या पायरीवर जो रेणू तयार होतो त्याला एमपीबीक्यू म्हणतात. त्याचं दुसरं वलय अजून बंद झालेलं नसतं.

इथे पहिलं मिथाइलट्रान्सफरेज येतं: एमपीबीक्यू मिथाइलट्रान्सफरेज, ज्याच्या जनुकाला अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत अभ्यासल्या जाणाऱ्या छोट्या रोपात व्हीटीई-३ म्हणतात. ते जो मिथाइल लावतं, तोच पुढे सातव्या जागेवर दिसतो. मग सायक्लेज म्हणजे व्हीटीई-१ वलय बंद करतं आणि गॅमा-टोकोफेरॉल तयार होतं. शेवटी दुसरं मिथाइलट्रान्सफरेज, गॅमा-टीएमटी किंवा व्हीटीई-४, पाचव्या जागेवर मिथाइल लावतं आणि गॅमाचा अल्फा होतो. दोन्ही एन्झाइम मिथाइल घेतात तो एस-अ‍ॅडेनोसिल मेथिओनिनकडून, म्हणजे सॅमकडून.

महत्त्वाचा मुद्दा असा की सायक्लेज पहिल्या मिथाइलची वाट बघत नाही. व्हीटीई-३ कमी पडलं, तर मिथाइल न लागलेला एमपीबीक्यूही सायक्लेजकडे जातो आणि त्याचा डेल्टा-टोकोफेरॉल होतो. एकदा वलय बंद झालं की व्हीटीई-३ला त्यावर काही करता येत नाही. गॅमा-टीएमटी मात्र डेल्टावरही काम करतं आणि त्याचा बीटा करतं. म्हणजे बीत सापडलेला डेल्टा आणि बीटाचा प्रत्येक रेणू पहिल्या मिथाइलट्रान्सफरेजच्या हातून सुटलेला असतो, आणि गॅमा व डेल्टाचा प्रत्येक रेणू दुसऱ्याच्या हातून.

यावरून दोन गुणोत्तरं निघतात. मी त्यांना सरळ ‘सातचा आकडा’ आणि ‘पाचचा आकडा’ म्हणते.

सातचा आकडा = (अल्फा + गॅमा) ÷ चौघांची बेरीज × १००. हा एमपीबीक्यू मिथाइलट्रान्सफरेजबद्दल सांगतो.

पाचचा आकडा = (अल्फा + बीटा) ÷ चौघांची बेरीज × १००. हा गॅमा-टीएमटीबद्दल सांगतो.

सोयाबीनवर करून बघा. साधारण सोयाबीनमध्ये अल्फा सुमारे १० टक्के, गॅमा ६५ च्या आसपास, डेल्टा २० ते २५ आणि बीटा अगदी थोडा असतो. सातचा आकडा सुमारे ७५ येतो, पाचचा जेमतेम १०. म्हणजे पहिलं एन्झाइम बऱ्यापैकी चाललंय, दुसरं फारच कमी.

नमुना घेणं

बाटलीतल्या रिफाइंड तेलापासून सुरुवात करू नका. दुर्गंध काढण्याच्या प्रक्रियेत तेलातून टोकोफेरॉल उडून जातं (नैसर्गिक व्हिटॅमिन ई वेगळं काढण्यासाठी कारखाने त्याच वाफेतला गाळ वापरतात), शिवाय काही तेलांत वरून व्हिटॅमिन मिसळलेलं असतं. अशा तेलावरून झाडातल्या एन्झाइमबद्दल काही बोलता येत नाही. घाण्याचं तेल चालेल, पण बी कोणत्या वाणाचं आणि कोणत्या रानातलं हे माहीत हवं. सगळ्यात चांगलं म्हणजे थेट बी घ्या.

बी पूर्ण पक्व आणि वाळलेलं हवं. तुलना करायची असेल तर एकाच हंगामातली, एकाच प्लॉटमधली बियाणी घ्या. सोयाबीनमध्ये शेंगा भरताना तापमान जास्त असलं किंवा पाण्याचा ताण पडला की अल्फाचं प्रमाण वाढतं. एका वाणाचं खरिपातलं बी आणि दुसऱ्याचं उन्हाळी बीजोत्पादनातलं बी शेजारी ठेवून ‘या वाणाचं गॅमा-टीएमटी सरस’ असं लिहिणारे प्रबंध मी तपासले आहेत. तो फरक उन्हाचाही असू शकतो.

एकेका बीची तपासणी करायची असेल, उदाहरणार्थ संकरानंतरच्या दुसऱ्या पिढीत, तर अर्ध-बीज पद्धत वापरा. सूर्यफुलात ती फार सोयीची आहे. बी सोलून घ्या. टोकदार बाजूला भ्रूणाचं मूळ असतं, त्या बाजूला धक्का लावायचा नाही. रुंद बाजूकडचा दलांचा तुकडा ब्लेडने कापून विश्लेषणाला घ्या आणि उरलेला भाग ओल्या कागदावर उगवायला ठेवा. तुकड्यावर आणि कागदावर एकच क्रमांक, पेन्सिलने. पेनची शाई हेक्झेनमध्ये विरघळते.

अर्क काढणं

टोकोफेरॉलला उजेड आणि हवा दोन्ही सोसत नाहीत. खिडकीला जाड पडदा लावा, नळ्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा आणि अर्क काढला त्याच दिवशी यंत्रावर (एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजणारं यंत्र) चढवा. तसं जमत नसेल तर उणे २० अंशांवर ठेवा.

मोठा नमुना असेल तर सुमारे १०० मिलिग्रॅम बी, अर्ध्या बीच्या बाबतीत जेवढं मिळेल तेवढं. वजन मात्र अचूक लिहा. खलबत्त्यात बारीक करा, त्यात ०.०१ टक्के बीएचटी (हवेपासून बचाव करणारं रसायन) घातलेलं १ मिलिलिटर हेक्झेन घाला, चांगलं हलवा, अर्धा तास अंधारात ठेवा आणि सेंट्रिफ्यूज करा. वरचं हेक्झेन काढून घ्या, पुन्हा दोनदा हेच करा आणि तिन्ही अर्क एकत्र करा.

साबणीकरण, म्हणजे अल्कली घालून तेल तोडणं, करायचं का, असं दर वर्षी कोणीतरी विचारतं. वाळलेल्या तेलबियांसाठी गरज नाही. अल्कली आणि उष्णता एकत्र आली की टोकोफेरॉल झपाट्याने नष्ट होतं. ते टाळायला पायरोगॅलॉल किंवा अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घालावं लागतं आणि हवा नायट्रोजनने बाहेर काढावी लागते. पीठ, शिजवलेलं अन्न, दूध यांसाठी ती पायरी लागते, इथे नाही. तेल असेल तर त्याहून सोपं: तेल तोलून हेक्झेनमध्ये विरघळवा, गाळा आणि थेट यंत्रात सोडा.

यंत्रावर

इथे एक निवड सगळ्यात महत्त्वाची आहे. साध्या सी-१८ कॉलमवर बीटा आणि गॅमा वेगळे होत नाहीत, यंत्राच्या आलेखात एकाच शिखराखाली येतात. आपल्या दोन्ही आकड्यांना बीटा आणि गॅमा वेगवेगळे हवेत. म्हणून नॉर्मल फेज वापरा: सिलिका कॉलम, लांबी २५० मिलिमीटर, व्यास ४.६ मिलिमीटर, कण ५ मायक्रॉन. द्रावण हेक्झेन आणि आयसोप्रोपेनॉल, ९९.५ ला ०.५, प्रवाह मिनिटाला १ मिलिलिटर. फ्लुरोसन्स डिटेक्टरवर उत्तेजन २९५ नॅनोमीटर, उत्सर्जन ३३० नॅनोमीटर. आधी अल्फा येतो, मग बीटा, त्याच्या मागोमाग गॅमा आणि सगळ्यात शेवटी डेल्टा.

पावसाळ्यात शिखरांच्या वेळा सरकतात. हवेतली ओल हेक्झेनमध्ये उतरते, सिलिकावर पाणी बसतं आणि सगळी शिखरं लवकर बाहेर पडू लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये हेक्झेनची बाटली बंद ठेवा, एकाच दिवशी लागेल एवढंच द्रावण मिसळा आणि दर काही नमुन्यांनंतर प्रमाण मिश्रण (चारही शुद्ध टोकोफेरॉलचं) यंत्रात सोडून वेळा तपासा. केवळ वेळ जुळते म्हणून शिखराला नाव देऊ नका. शंका आली तर अर्कात शुद्ध गॅमा थोडा मिसळून पुन्हा सोडा. तेच शिखर उंचावलं तर तो गॅमा.

काही बियांत परके पाहुणे असतात. जवसात आणि मोहरीवर्गीय बियांत प्लास्टोक्रोमॅनॉल-८ हा टोकोफेरॉलचा भाऊबंद असतो. तो गॅमा आणि डेल्टाच्या दरम्यान शिखर देतो आणि त्याला डेल्टा समजलं की सातचा आकडा उगाच खाली येतो. तिळात सेसमिन आणि सेसमोलिन हेही याच तरंगलांबीला चमकतात, म्हणून तिळाच्या क्रोमॅटोग्राममध्ये (यंत्राच्या आलेखात) अनोळखी शिखरं दिसली तर आधी त्यांचा विचार करा. पाम तेलात टोकोट्रायनॉल, म्हणजे शेपटीत दुहेरी बंध असलेले टोकोफेरॉलचे चार भाऊबंद, भरपूर असतात. त्यांची आठ-शिखरांची आकृती समोर ठेवून वाचा.

यंत्र नसेल तर? पातळ थराच्या सिलिका पट्टीवर हेक्झेन आणि डायइथाइल इथर ८० ला २० घेऊन अर्क चढवा. वर एमेरी-एंगेल अभिकर्मक, म्हणजे फेरिक क्लोराइड आणि बायपिरिडिल, फवारला की टोकोफेरॉलचे ठिपके लाल होतात. सगळ्यात वर अल्फा, खाली डेल्टा, मध्ये बीटा-गॅमा एकत्र. करडई, जवस आणि सोयाबीन एकाच पट्टीवर शेजारी-शेजारी चढवून दाखवले की बीएस्सीच्या मुलांना मिथाइलट्रान्सफरेजचा फरक डोळ्यांनी दिसतो. आकडे काढण्यासाठी मात्र ही पद्धत अपुरी आहे.

प्रमाण द्रावणं आणि हिशेब

चारही टोकोफेरॉलची चमक सारखी नसते, म्हणून प्रत्येकाचा स्वतंत्र आलेख काढा. अल्फाच्या आलेखावरून डेल्टा मोजलेला मी मान्य करत नाही.

बाटलीवरच्या शुद्धतेवर विसंबू नका. प्रमाण द्रावण इथेनॉलमध्ये करून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर तपासा. १ टक्का द्रावणाची १ सेंटीमीटर क्युव्हेटमधली शोषकता अशी: अल्फा २९२ नॅनोमीटरला ७५.८, बीटा २९६ ला ८९.४, गॅमा २९८ ला ९१.४, डेल्टा २९८ ला ८७.३. समजा अल्फाच्या द्रावणाची शोषकता ०.३७९ आली. ०.३७९ भागिले ७५.८ म्हणजे ०.००५ ग्रॅम दर १०० मिलिलिटरला, म्हणजेच मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम. तुम्ही तोलून केलेलं द्रावण ६० चं असेल आणि यंत्र ५० सांगत असेल, तर बाटलीतलं अल्फा जुनं झालंय.

सात आणि पाचचे आकडे काढताना वजनाचं रूपांतर मोलमध्ये करा. अल्फाचं रेणुभार ४३०.७, बीटा आणि गॅमाचा ४१६.७, डेल्टाचा ४०२.७. फरक लहान आहे, पण एन्झाइम रेणू मोजतं, मिलिग्रॅम नाही, आणि दोन जवळच्या वाणांची तुलना करताना हा लहान फरकही निकाल फिरवू शकतो.

पोषणासाठी वेगळा हिशेब लागतो. प्रत्येक मिलिग्रॅमला अल्फासाठी १, बीटासाठी ०.५, गॅमासाठी ०.१ आणि डेल्टासाठी ०.०३ असा गुणक धरतात. आपलं शरीर चारही रूपं शोषतं, पण यकृतातलं एक वाहक प्रथिन अल्फालाच धरून रक्तात परत पाठवतं. म्हणून सोयाबीनमध्ये एकूण टोकोफेरॉल भरपूर असूनही व्हिटॅमिन म्हणून त्याची किंमत कमी भरते. ‘एकूण टोकोफेरॉल’ हा एकच रकाना भरणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आकडे कसे वाचायचे

सूर्यफूल हा माझा आवडता धडा आहे. साध्या सूर्यफुलात ९५ टक्क्यांहून जास्त अल्फा असतो. दोन्ही आकडे शंभराजवळ, दोन्ही एन्झाइम पूर्ण कामात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रशियातल्या क्रास्नोदार इथल्या याकोव देमुरिन यांनी दोन वेगळ्या ओळी (शुद्ध वंश) वर्णन केल्या. एकीत अल्फा आणि बीटा जवळपास निम्मे-निम्मे होते. सातचा आकडा काढा: ५०. पाचचा: शंभराजवळ. दोष पहिल्या मिथाइलट्रान्सफरेजमध्ये आहे हे जनुकाचं नावही न घेता कळतं. दुसरीत ९५ टक्के गॅमा होता. तिथे सातचा आकडा शंभराजवळ, पाचचा ५ च्या आसपास, म्हणजे दोष गॅमा-टीएमटीत.

पुढे २००६ मध्ये या वाचनाची जनुकांच्या पातळीवर खातरजमा झाली. बीटावाल्या ओळीत एमपीबीक्यू मिथाइलट्रान्सफरेजच्या जनुकात एक रेट्रोट्रान्सपोझॉन (स्वतःची प्रत नव्या ठिकाणी घुसवणारा डीएनएचा तुकडा) घुसलेला सापडला. सूर्यफुलात त्या जनुकाची दुसरी प्रतही असते, म्हणून झाड जगलं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण हेच एन्झाइम प्लास्टोक्विनोन तयार करण्यातही मिथाइल लावतं, आणि प्लास्टोक्विनोनशिवाय प्रकाशसंश्लेषण चालत नाही. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये व्हीटीई-३ पूर्ण बंद पडलं की रोपं फिकट पडून मरतात. म्हणून सातचा आकडा शून्य असलेलं निरोगी झाड सापडलं, असं कोणी म्हणालं तर आधी शिखरांची नावं पुन्हा तपासा.

उलट दिशेनेही वाचता येतं. अ‍ॅराबिडॉप्सिसच्या पानात मुख्यतः अल्फा असतो, पण बीत ९५ टक्क्यांच्या आसपास गॅमा. एकच झाड, एकच जनुक, पण बीत गॅमा-टीएमटी कमी. नेवाडा विद्यापीठातल्या डेव्हिड शिंतानी आणि डीन डेलापेना यांनी १९९८ मध्ये बीतच चालणाऱ्या प्रमोटरच्या (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याच्या) मदतीने हे एन्झाइम वाढवलं. एकूण टोकोफेरॉल तेवढंच राहिलं, गॅमाचा अल्फा झाला आणि व्हिटॅमिन ईची क्रियाशीलता सुमारे नऊपट झाली. २००३ मध्ये सोयाबीनमध्ये दोन्ही मिथाइलट्रान्सफरेज एकत्र घातली गेली. फक्त व्हीटीई-३ घातलं तेव्हा डेल्टा २० टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला, आणि व्हीटीई-४ जोडीला आल्यावर अल्फा ९५ टक्क्यांवर गेला. आपल्याकडे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मोहरीत गॅमा-टीएमटीचं जनुक घालून अल्फा वाढवल्याचं काम २००७ मध्ये प्रसिद्ध झालं.

आता सावधगिरी. पाचचा आकडा कमी आला म्हणून जनुक बिघडलंय असं लगेच लिहू नका. सुरुवातीच्या पायऱ्यांतून जास्त माल येऊ लागला, तर तेवढंच गॅमा-टीएमटी असूनही गॅमा साचतो. म्हणून एकूण टोकोफेरॉल आणि पाचचा आकडा नेहमी शेजारी ठेवून बघा. एकूण दुप्पट आणि पाचचा आकडा निम्मा, तर एन्झाइम तेवढंच काम करतंय.

आणि कमी आकडा म्हणजे वाईट वाण, असंही नाही. तळणाच्या तेलात गॅमा आणि डेल्टा तेल टिकवायला अल्फापेक्षा चांगले असतात, म्हणून पैदासकार मुद्दाम गॅमावालं सूर्यफूल शोधतात. पोळीच्या पिठातल्या किंवा चटणीतल्या जवसाकडून तुम्हाला काय हवंय, त्यावर कोणता आकडा चांगला हे ठरतं.

खात्री करायची असेल तर

गॅमा-टीएमटीचं जनुक ई. कोलायमध्ये घालून एन्झाइम तयार करा. या जिवाणूत स्वतःचं टोकोफेरॉल नसतं, त्यामुळे पाटी कोरी असते. पीएच ८ च्या आसपासचा ट्रिस बफर, थोडं डीटीटी (एन्झाइमचं ऑक्सिडीकरण टाळणारं रसायन), सॅम आणि गॅमा-टोकोफेरॉल. गॅमा पाण्यात विरघळत नाही, म्हणून तो थोड्या इथेनॉल किंवा ट्वीन-८० (एक डिटर्जंट) मधून द्या. ३० अंशांवर ठेवा, हेक्झेनने अर्क काढा आणि त्याच कॉलमवर अल्फाचं शिखर शोधा. किरणोत्सारी सॅम असेल तर संवेदनशीलता वाढते, पण ते वापरण्याची परवानगी नसेल तर त्याच्याशिवायही काम होतं.

सॅम नाजूक आहे. अल्कली द्रावणात ते लवकर तुटतं, म्हणून साठा आम्लधर्मी ठेवा आणि ऐनवेळी बफरमध्ये घाला. मिथाइल दिल्यावर उरतं ते एस-अ‍ॅडेनोसिल होमोसिस्टिन, आणि ते मिथाइलट्रान्सफरेजला अडवतं. पेशीत ते लगेच तोडलं जातं, तुमच्या नळीत मात्र साचत राहतं. त्यामुळे लांब वेळ ठेवून एकच मोजमाप घेण्यापेक्षा सुरुवातीच्या काही मिनिटांतले चार-पाच बिंदू घ्या. नियंत्रणासाठी तीन नळ्या हव्याच: उकळलेलं एन्झाइम, सॅमशिवाय, आणि रिकाम्या प्लाझ्मिडच्या (जनुक न घातलेल्या वाहक डीएनए-वलयाच्या) जिवाणूंचा अर्क.

एवढी सोय नसेल तर संकर करा. सूर्यफुलातले दोन्ही बदल अप्रभावी (रिसेसिव्ह) आहेत आणि वेगवेगळ्या सहलग्न गटांवर, म्हणजे वेगळ्या गुणसूत्रांवर, आहेत. साध्या वाणाशी संकर केला की पहिल्या पिढीचं बी साध्यासारखंच दिसतं, आणि दुसऱ्या पिढीत एकेका दोषासाठी साधारण ३ ला १ असं विभाजन मिळतं. बीटावाली आणि गॅमावाली ओळ एकमेकींशी संकरित केली, तर दुसऱ्या पिढीत दोन्ही दोष असलेलं बी १६ मध्ये एक येतं. त्याच्यात दोन्ही आकडे एकदम खाली उतरतात आणि डेल्टा वाढतो. किती वाढेल हे एमपीबीक्यू मिथाइलट्रान्सफरेजची दुसरी प्रत कितपत चालते यावर अवलंबून असतं. असं किमान एक बी ९५ टक्के खात्रीने हाती यायला ४७ अर्धी बियाणी तपासावी लागतात. उगवण न होणारी धरून साठ-पासष्ट कापा आणि उरलेले अर्धे भाग निकाल येईपर्यंत ओल्या कागदावर जपा.